उजवा कौल

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो. ओळखीच्या एकाही माणसाच्या कानावर मी हे आजवर घातलेले नाही — पत्नीच्या नाही, ज्याच्या समक्ष ते घडले त्या गुरवाच्या नाही, आणि जिला ते सर्वांत आधी कळायला हवे होते त्या माझ्या थोरल्या बहिणीच्या तर नाहीच. ती या क्षणी मागील दारी बसून कुळीथ निवडते आहे. सुपाचा आवाज येथपर्यंत येतो. मी पडवीत, तिच्याकडे पाठ करून बसलो आहे. कोणाचा तरी अर्ज लिहितो आहे असे तिला वाटते.

प्रथम मी कोण, ते सांगणे रीतसर ठरेल. मी व्यवसायाने अर्जलेखक. मालवणात कचेरीच्या फाटकाबाहेर, बदामाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. शिक्षण फार झाले नाही. दहावीच्या परीक्षेस बसलो होतो, त्यापुढचे सांगण्यासारखे नाही. परंतु माझा मसुदा अक्षरावरून नव्हे, बांधणीवरून ओळखला जातो, एवढे मी अभिमानाने म्हणू शकतो. गावात मला ‘वकील’ म्हणतात. काही जण चेष्टेने म्हणतात, हे मला कळते. तरीही मी त्या हाकेला ओ देतो — आवडते म्हणून देतो.

माझ्या कामाचे मर्म दोन गोष्टींत आहे. अर्जात माणसाचे दुःख कितीही पाने भरून लिहा, महत्त्वाची ओळ एकच — शेवटची, मागणीची. ती अशी बांधावी की वाचणाऱ्याला फक्त ‘होय’ म्हणणे उरावे. आणि दुसरे असे, की एकदा वरून ‘होय’ आले, सही झाली, की त्या ओळीला हात लावायचा नाही. एकदा एक गृहस्थ सही झालेला अर्ज घेऊन माझ्याकडे आला, मागणीत दोन शब्द बदलून दे म्हणाला. मी त्याला भर रस्त्यात मोठ्या आवाजात सुनावले होते. हे म्हणजे साहेबाच्या तोंडी आपले बोलणे घालणे, याहून मोठा गुन्हा या व्यवसायात नाही, असे काहीसे बोललो होतो. आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या होत्या. मला तो दिवस फार आवडत असे.

मग टाळेबंदी आली.

कचेरीचे फाटक बंद झाले. मी टेबल उलटे करून साखळीने बदामाला बांधले आणि गावी परतलो. आमचे गाव तारकर्लीच्या अलीकडे, खाडीच्या काठाने. घरात मी आणि माझी पत्नी सुमन, दोघेच. आम्हाला मूल नाही. सुरुवातीला मी गावाच्या उपयोगी पडलो, हे नाकारण्याचे कारण नाही. वेशीवर माडाचा ओंडका आडवा घातला होता, त्यावरचा फलक मी लिहिला. सरकारी आदेशांचा अर्थ मी ओढ्यावरच्या साकवावर उभा राहून लोकांना समजावून सांगत असे. तोंडाला उपरणे बांधलेले, हात मागे. वकील असा ताठ उभा आहे म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, असे लोकांना वाटत असावे.

आणि आत? — आत काय होते ते कसे सांगू? छातीच्या मधोमध कोणीतरी मूठ आवळून बसले होते. पहाटे डोळा उघडायच्या आधी ती मूठ जागी असे. या रोगात वास जातो, असे कुठेसे ऐकले, आणि त्या दिवसापासून उठल्याबरोबर मी स्वयंपाकघरात जाऊन सुक्या बांगड्यांच्या डब्याचे झाकण उघडू लागलो. वास आला की सुटलो. परंतु ती सुटका चहा उकळेपर्यंतच टिके. मग शंका येई — आजचा वास कालच्याइतका उग्र होता काय? की किंचित कमी? पुन्हा झाकण. सुमन चुलीपुढून बघत असे. एकदा म्हणाली, “असोच वास घेत रवलास तर बांगडो उठान परत दर्यात जायत.” मी हसलो नाही. मासे नीट सुकले आहेत की नाही ते पाहतो आहे, असे सांगितले.

नारळ साबणाने धुतले. वर्तमानपत्र उन्हात वाळवले आणि शेवटी न वाचताच जाळले. घरामागच्या फणसाखाली जाऊन मी दम कोंडून उभा राहत असे. दम टिकला तर छाती साफ, असे कोणीतरी म्हटले होते. टिकत असे — आणि मग खरोखर टिकला की मीच मधे चोरून श्वास घेतला, याचा संशय येई. शेजारच्या वाडीत कोणी खोकले की मी खिडकी लावून घ्यायचो आणि सुमनला म्हणायचो, नियम म्हणजे नियम. एकदा मी असाच फणसाला टेकून उभा असताना ती मागून आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो हात झटकला. ‘मला भीती वाटते’ ही तीन शब्दांची ओळ लिहायला कोणते शिक्षण लागते? दुसऱ्यांच्या भीतीचे किती अर्ज मी लिहिले असतील. माझा मला लिहिता आला नाही.

आता आक्काविषयी.

आई गेली तेव्हा मी नीट चालतही नव्हतो. आक्का स्वतः परकर-पोलक्यातली पोर, तिने मला वाढवले. गावची सातेरीदेवीची जत्रा मी पहिल्यांदा पाहिली ती तिच्या कडेवर बसून. वाळूत बोटाने तिनेच मला पहिली अक्षरे काढून दाखवली, जेवढी तिला येत होती तेवढी. पुढे ती लग्न होऊन मुंबईला गेली, लवकरच एकटी पडली, आणि चार घरी स्वयंपाक करून तेथेच राहिली. परंतु जत्रेला ती येणारच. आमच्याकडची माहेरवाशीण जत्रेला येते ती देवीची ओटी भरायला — साडी, खण, नारळ, तांदूळ. गावाबाहेर दिलेल्या लेकीचा गावावरचा हक्क म्हणजे ती ओटी. “मी तुज्याकडे येत नाय रे बाबू, माज्या आवशीकडे येतंय,” असे ती मला चिडवत असे. आई नसलेल्या मुलीने देवीला आई म्हणावे, यात नवल ते काय.

टाळेबंदीत तिची सगळी घरे बंद झाली. इमारतीत बाहेरच्या बाईला प्रवेश नाही. ती ज्या खोलीत जागा घेऊन राहत होती तिच्या शेजारचा माणूस तापाने आजारी पडला. चाकरमानी गावाकडे निघाले तशी तीही परवाना काढून, एका गाडीतून, सगळा घाट कोठेही न उतरता पार करून आली. गावच्या समितीने तिला बाकीच्यांबरोबर शाळेत ठेवले. ठरलेले दिवस तिने तेथे काढले. ना ताप, ना खोकला. सुमन दोन्ही वेळा डबा नेऊन फाटकाशी ठेवत असे. मी गेलो नाही. मला समितीची कामे होती — असे मी म्हणत होतो.

तिचे शाळेतले दिवस संपायचे होते त्याच्या आदल्या सकाळी सुमनने माजघर सारवले आणि गोधडी उन्हात टाकली. अंगणात, आमच्याकडे त्याला खळे म्हणतात, ती गोधडी बघितली आणि मी तेथेच खाली बसलो. तो शेजारचा तापाचा माणूस, ती गाडी, तो घाट, तो श्वास — सगळे त्या गोधडीत येऊन निजणार, माझ्या भिंतीपलीकडे. मी खळ्यात बसूनच राहिलो. आणि मग मी सुमनला म्हणालो, देवीला विचारून घेऊ.

सुमनने झाडू खाली ठेवला. “आक्का आपल्या घरात येतली, तेच्यात देवीक इचारूचा काय आसा?”

काहीच नव्हते. तिला ते कळत होते, मलाही. परंतु देवीचे नाव निघाल्यावर नको म्हणायला ती धजली नाही — आणि ती धजणार नाही, हे मला ठाऊक होते.

कौल म्हणजे काय, हे आमच्याकडचे नसाल तर सांगतो. लग्न, घर, शेत, वाद, कुठल्याही अडल्या कामात गावदेवीला विचारतात. गुरव मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो. गाऱ्हाणे घालतो, म्हणजे आपली विनंती मोठ्याने देवीपुढे मांडतो. मग वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाण्याची शेवटची ओळ कशी घालावी हे विचारायला लोक पुष्कळदा माझ्याकडे येत. देवीपुढेही मागणी मांडावीच लागते, आणि ती मांडण्यात माझा हात धरणारा गावात नव्हता.

देऊळ लोकांसाठी बंद होते. पांडू गुरव रोज एकटा जाऊन पूजा करी. मी सभामंडपाच्या पायरीवर, लांब उभा राहिलो. विषय घरचा आहे, गाऱ्हाणे मी मनातच म्हणतो, असे त्याला सांगितले. हे मी मुद्दाम ठरवून आलो होतो. पांडू सरळ माणूस. म्हणाला, “मनातला सुदा तिका आयकाक येता.” आणि त्याने पाकळ्या लावल्या.

वाटेत माझा मसुदा तयार झाला होता. आक्का काही काळ घराऐवजी मांगरात राहावी, हे योग्य ना? — अशी ओळ. मांगर म्हणजे चढावरच्या काजूच्या बागेतली आमची खोप, आत अवजारे आणि सुकलेल्या झावळ्या. उजवा पडला की मांगर. डावा पडलाच तर शब्द फिरवून पुन्हा विचारता येते. मला साहेबाकडून ‘होय’ कसे काढायचे ते येत होते.

परंतु वर बघितले आणि ओळ तुटली. तोच मुखवटा. आक्काच्या कडेवरून पहिल्यांदा पाहिला होता तोच. मला भीती वाटली — रोगाची नव्हे, ही निराळी. आणि माझ्या मनात मी न बांधलेलीच ओळ उमटली, एखाद्या पोराने बोलावी तशी. माये, आक्का घरात येऊ दे? येऊ दे, तर उजवा दे.

पांडूचा हात अजून मूर्तीपासून मागे आला नव्हता, एवढ्यात उजवी पाकळी पडली.

“उजवो दिल्यान,” पांडू म्हणाला. “बरा झाला. तुमचा काम झाला, वकील.”

मला त्या क्षणी काय वाटायला हवे होते? विश्वास असणाऱ्या माणसाला आधार वाटला असता. विश्वास नसणाऱ्याला काहीच वाटले नसते. मला विश्वास होता — आहे — आणि तरी मला फक्त ती अंगणातली गोधडी दिसली. ती येणार. उद्या येणार. मी नमस्कार केला आणि मागे वळलो. देऊळ ते घर वाट किती, तर खाडीच्या कडेने माडांची एक रांग. त्या वाटेत मी मागणीची ओळ बदलली.

घरी येऊन सुमनला म्हणालो, आक्काला मांगरात ठेवू काय असे विचारले. उजवा दिला.

उत्तराला मी हात लावला नाही, हे पाहा. उत्तर जसेच्या तसे सांगितले. फक्त प्रश्न बदलला. सही झाल्यावर. ज्या माणसाला मी भर रस्त्यात सुनावले, त्याने एका साहेबाची फसवणूक करू पाहिली होती, तीही झाली नाही. मी केलेली पार पडली, आणि कोणाच्या नावावर झाली ते तुम्ही पाहताच आहात. सुमनचा विश्वास बसला नसावा. तिने संध्याकाळी कुंपणापलीकडून पांडूला विचारले. पांडूने छातीवर हात ठेवून सांगितले, उजवाच दिला, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या खोटेपणाला इतका खरा साक्षीदार मिळाला.

आणि आता जे सांगतो, ते सांगताना मला सर्वांत अधिक लाज वाटते. त्या दुपारी मला गाढ झोप लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी. उठलो तर छातीतली मूठ उघडलेली. डब्याचे झाकण उघडावेसेही वाटले नाही. भीतीवर लोकांनी काय काय उपाय केले असतील, कोणी जप, कोणी काढे, कोणी गच्चीत येरझारा. माझा उपाय हा. मला तो लागू पडला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहून मी आक्काला सांगितले. गाठोडे तिने आधीच बांधून पायरीवर ठेवले होते. शाळेत बसून तिने माझ्यासाठी जुन्या साडीची एक पिशवी शिवली होती, कागद ठेवायला; ती तिच्या हातात होती. मी बोलत असताना ती त्या पिशवीची नाडी बोटाभोवती गुंडाळत होती.

“तू काय इचारलंस?” तिने एवढेच विचारले.

मी सांगितले. मसुदा पाठच होता.

“मगे ता खरा,” ती म्हणाली. “देवी खोटा सांगूची नाय.” पिशवी तिने कुंपणाच्या खांबाला अडकवली आणि मी बाजूला होण्याची वाट पाहत उभी राहिली — मला तिचा वारा लागू नये म्हणून. मग गाठोडे डोक्यावर घेऊन एकटी चढ चढून गेली.

तुम्ही म्हणाल, चार दिवसांची गोष्ट असेल. मीही तसेच समजत होतो. परंतु देवीच्या शब्दाने बाहेर ठेवलेल्या माणसाला आत घ्यायचे, तर पुन्हा देवीलाच विचारायला हवे. आणि पुन्हा त्या पायरीवर उभा कसा राहू? उद्या विचारू, अमावास्या होऊ दे, पाऊस ओसरू दे. पाऊस ओसरेना. मांगराचे एका बाजूचे छप्पर गळत होते, सुमनने जाऊन झावळ्या बसवल्या. ती डबा नेऊन जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवी, दोघी लांब लांब बसून बोलत. काय बोलत, ते सुमनने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. गावात रोग असा आलाच नव्हता. माझी भीतीसुद्धा केव्हाच निवली होती. मग काय अडले होते? — माझा शब्द अडला होता. वकिलाचा शब्द.

चतुर्थी आली. आमच्या घरचा गणपती. आक्का आरतीला चढावरून उतरून आली आणि खळ्याच्या कडेला, तुळशीपलीकडे उभी राहिली. सुमन ओटीवरून म्हणाली, या आत. आक्का म्हणाली, देवीने नको म्हटले आहे ना गो, मग नको. आणि तेथूनच टाळ्या वाजवत राहिली. आरती मी म्हणत होतो. माझा आवाज चांगला आहे. त्या दिवशीही चांगला लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने मला मांगरावर बोलावून घेतले. मी काजूच्या बुंध्याशी उभा, ती दाराशी बसलेली. पायांना ओल लागून चिखल्या झालेल्या, बोटांमध्ये हळद लावलेली. म्हणाली, देवीने बाहेर का ठेवले ते इतके दिवस बसून तिने शोधले, आणि तिला सापडले.

“माज्याच हातसून चुकला, बाबू.”

एका वर्षी ती जत्रेला आली नव्हती. आम्हाला तिने पायाचे दुखणे कळवले होते. ते खरे नव्हते. ती ज्यांच्याकडे स्वयंपाक करी त्या घरी मुलीचे लग्न होते, आणि त्या मुलीला तिने लहानपणापासून भरवले होते, म्हणून ती थांबली होती. त्या पोरीला हळद लागलेली बघायची तिला हौस होती. देवीला फसवून आपण दुसऱ्याच्या मुलीची हळद बघत बसलो, म्हणून देवीने उंबऱ्याबाहेर ठेवले. हे सांगताना ती रडली नाही. उलट तिला सुटल्यासारखे वाटत असावे — कारण सापडले म्हणून. माणसाला कारण सापडले की बरे वाटते. मला ठाऊक आहे ते.

म्हणजे बघा. ती माझ्यासमोर आपला एवढासा दोष कबूल करत होती. एवढासा! आणि समोर मी. दोन पावलांवर. त्या वेळी तोंड उघडले असते तर — नाही, ‘तर’ लिहिणार नाही. मी उघडले नाही.

ती म्हणाली, “तू शिकलेलो. माफीचा गाऱ्हाणा तूच बांदून दी. माका शब्द जुळणत नाय.”

आणि मी बांधून दिले. काजूच्या सावलीत उभा राहून, तोंडी, ओळ ओळ. लेकीचे चुकले, माये, पोटात घे. अजाणता झाले. तुझ्या उंबऱ्याला ती मुकली, तेवढी शिक्षा पुरे कर. चांगले झाले होते. अगदी चांगले. दुसऱ्या ओळीत एक शब्द तिला जड वाटला, तो मी बदलून हलका दिला. ती माझ्यामागून म्हणत गेली, शाळेतल्या मुलीसारखी, देवळाच्या दिशेला तोंड करून, हात जोडून. न केलेल्या अपराधाची माफी मी माझ्या बहिणीला पाठ करायला लावली. भीती नव्हती तेव्हा. भीतीच्या पदराआड हे लपवता येणार नाही.

गाड्या सुरू झाल्या तशी ती मुंबईला गेली. जाताना घरावरून गेली, उंबऱ्याला हात लावला, आत आली नाही.

त्यानंतर जत्रेला ती आली नाही. देवी बोलावील तेव्हा येईन, म्हणे. गावचा कोणी येणारा असला की त्याच्याजवळ ओटीचे सामान पाठवी — साडी स्वतः निवडलेली, नारळ मात्र गावचाच घ्या असा निरोप. सुमन तिच्या नावाने ओटी भरी आणि मी शेजारी उभा राहून ते माफीचे गाऱ्हाणे म्हणत असे, कारण आक्काने तसे सांगितले होते. दर जत्रेला. मंडपात गर्दी असे. लोक मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. एकदा शेजारच्या गावच्या मानकऱ्याने मला बाजूला घेऊन म्हटले, तुमच्या गाऱ्हाण्याने अंगावर काटा येतो. मला बरे वाटले. हेही लिहितो — मला बरे वाटले.

यंदा जत्रेच्या आधी तिचा फोन आला. गुडघे गेले आहेत, कामे सुटली आहेत. आवाज बारीक झालेला. म्हणाली, एकदा विचारून बघ ना रे, आता तरी येऊ काय. आता नाही म्हटले तर पुन्हा विचारणार नाही.

मी देवळात गेलो. पांडू आता थकला आहे, दिसायला कमी झाले आहे, तरी हात स्थिर. त्याने पाकळ्या भिजवल्या आणि विचारले, लावू? मी म्हणालो, नको. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, उत्तर आलेले आहे. त्याला काही उमगले नाही. पाकळ्या त्याने पुन्हा तांब्यात टाकल्या.

मी पायरीवरूनच आक्काला फोन लावला. सांगण्याची हीच वेळ होती, जागाही हीच. ओठांवर आणले होते, खरेच आणले होते. आणि मी म्हणालो, “उजवो दिल्यान गो, आक्का.”

वाक्य खोटे नव्हते. फक्त काही वर्षे उशिरा पोचवले. पलीकडे ती हुंदका देऊन रडली, मांगराच्या दाराशी रडली नव्हती ती.

ती आली. जत्रेला स्वतःच्या हाताने ओटी भरली. सुमनने आणि एका शेजारणीने धरून तिला पायऱ्या चढवल्या. देवीपुढे तिने कपाळ टेकले ते बराच वेळ उचलले नाही, मागची बाई कुरकुरली तरी. बाहेर आल्यावर तिने तोंडाने फुंकर घालून प्रसादाचा अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि चार लोकांसमोर, मोठ्याने, म्हणाली, “तुज्या शब्दाक मान दिल्यान रे देवीन. तू नसतंस तर माका कोणी माफ केला नसता.”

लोक माझ्याकडे बघत होते. सुमनही बघत होती. तिच्या नजरेत काय होते ते मी वाचले नाही.

मी म्हणालो, “होय.”

सुपाचा आवाज थांबला आहे. आक्का आतून हाक मारते आहे — कुळथाची पिठी झाली, गरम आहे तोवर ये म्हणून. जातो.